वासोट्याच्या वाटेवर गवा, आणि मामांचं खाकरणं

रानजाई

नमस्कार मंडळी,

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी आम्ही नऊ जण वासोट्याला जाऊन आलो. त्यात तीन मुलं होती, वय वर्षं ९, ११ आणि १४. वासोट्याची वर्णनं भरपूर झाली आहेत, त्यामुळे गडाबद्दल फार लिहीत नाही. पण उतरताना एका वळणावर जे घडलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यातून एक प्रश्नही पडलाय, तो तुमच्यापुढे ठेवते.

ज्यांनी वासोटा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला उतरायचं, तिथून होडीने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायचा. पलीकडे मेट इंदवलीला उतरलं की कोयना अभयारण्य सुरू. अभयारण्य १९८५ साली झालं आणि २०१० पासून हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गडावर किंवा जंगलात रात्री राहायला परवानगी नाही, अंधारायच्या आत अलीकडे यावंच लागतं. म्हणून आम्ही तंबू अलीकडच्या काठावर, एका कुटुंबाच्या पड वावरात टाकले. जेवण त्यांच्याच घरी झालं: नाचणीची भाकरी, पिठलं, पावट्याची उसळ आणि मुलांनी तीन-तीनदा मागून घेतलेला लाल मिरचीचा ठेचा. अंगणात घमेल्यात थोडी लाकडं पेटवली होती, तेवढीच शेकोटी. नऊच्या आत सगळे चिडीचूप. रात्री पाण्यापलीकडून भेकराचं भुंकणं दोनदा ऐकू आलं. कुत्रं नाही, भेकर आहे, हे घरातल्या आजींनी आतूनच सांगितलं.

सकाळी त्याच घरातले मामा (वय साठीच्या पुढे) आमच्याबरोबर आले. वनखात्याच्या चौकीवर नावं लिहिली, सॅक उघडून प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजले, त्याची अनामत भरली. ओढ्याजवळच्या मारुतीला नमस्कार करून चढायला लागलो.

मामा पुढे, हातात काठी. वाट जिथे जिथे वळायची तिथे ते खाकरायचे. मोठ्याने नाही, देवघरात कुणी बसलेलं असताना आत जायच्या आधी आपण खाकरतो ना, तसं. मी त्यांना खडीसाखर आणि लवंग देऊ केली. ते हसले. म्हणाले, "खोकला न्हाई ताई. वाटंला सांगतोय, आपण आलोय म्हणून."

गडावर मारुतीचं बिनछपराचं देऊळ, वाड्याचे अवशेष, महादेवाचं मंदिर, माचीवरून दिसणारा नागेश्वराचा सुळका आणि बाबूकडा. बाबूकड्याच्या धारेवर मुलं कधी नव्हे ती स्वतःहून पोटावर पडून खाली बघत होती. आम्ही डबे खाल्ले आणि दोनच्या सुमारास उतरायला लागलो.

तेवढ्यात पंचवीस-तीस जणांचा एक गट आम्हाला ओलांडून खाली गेला. दोघांच्या सॅकला स्पीकर लटकवलेले, दोन्हींवर वेगवेगळी गाणी. आम्ही वाट सोडून उभे राहिलो आणि त्यांना जाऊ दिलं. गाण्यांचा आवाज बराच वेळ खालून येत राहिला, मग विरला.

वीसेक मिनिटांनी मामा एकदम थांबले. मागे हात करून आम्हाला थोपवलं. मला आधी वास आला. गोठ्याचा वास. शेण आणि ओल्या केसांचा, गरम. माझं आजोळ शेतकऱ्याचं, त्यामुळे तो वास नाकाला ओळखीचा आहे आणि क्षणभर वाटलं, जवळ कुणाची तरी म्हैस आहे. मग कारवीच्या दाट दांड्यांमागे काळं काहीतरी हललं आणि त्या काळ्याखाली गुडघ्यापर्यंत पांढरे पाय दिसले. पायमोजे घातल्यासारखे. माझ्या अंदाजाने अंतर पंचवीस पावलं असेल. गवा नर होता. पाठीवरचा उंचवटा माझ्या डोक्याच्या वर होता, मानेखालची पोळी लोंबत होती आणि अंगावर तेल चोपडल्यासारखी चकाकी. त्याने नाकातून जोरात श्वास सोडला. प्रेशर कुकरची वाफ निघते ना, अगदी तसा आवाज.

धाकट्याने माझ्या सॅकचा पट्टा धरला होता. त्याच्या मुठीचा थरथराट मला खांद्यात जाणवत होता. मामा मागे न बघता, ओठ न हलवता म्हणाले, "पळू नका. पाठ दावू नका. एक-एक पाऊल मागं, त्या ऐनाच्या झाडाआड." आम्ही गेलो. एवढे नऊ जण, पण पाचोळा वाजला नाही म्हटलं तरी चालेल. मामा मात्र तिथेच उभे राहिले, काठी खाली करून. हळू आवाजात त्याच्याशी बोलत होते. "जा बाबा. वाट तुझीच हाय. आमी हितंच थांबतो."

दोन मिनिटं असतील. तो आमच्याकडे बघत राहिला, मग मान वळवून वाट ओलांडली आणि उतारात शिरला. कारवी कडाकडा मोडत गेल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. आम्ही निघायला लागलो तर मामांनी पुन्हा थांबवलं. "एक गेला म्हंजी समदे गेले आसं नसतं." दहा मिनिटं बसवून ठेवलं. आणि खरंच, दोन माद्या आणि एक तांबूस वासरू त्याच जागेवरून ओलांडून गेले. आम्ही घाई केली असती तर बरोबर वासरू आणि आईच्या मध्ये सापडलो असतो.

नंतर मामा म्हणाले, खालून गाण्यांचा गलका आला म्हणून कळप वर सरकला आणि वरून आम्ही आलो.

तर माझा प्रश्न असा. मी आजवर मुलांना शिकवत आले की जंगलात आवाज करायचा नाही. पण मामा तर मुद्दाम आवाज करत होते. मग बरोबर काय?

मावळवारा

रानजाई, अंगावर काटा आला वाचून. मुलांना हा अनुभव जन्मभर पुरेल.

मी राधानगरी-दाजीपूरला गेली बरीच वर्षं जातो. ते अभयारण्य १९५८ पासूनचं, गव्यांसाठीच राखलेलं. त्या अनुभवावरून सांगतो. गवा समोरून तुमच्याकडे बघत उभा असेल तर तो विचार करतोय. आडवा उभा राहून पूर्ण देह दाखवत असेल, मान खाली घालून शिंगं हलवत असेल, तर तो इशारा देतोय आणि तिथून निघायलाच हवं, पण सावकाश. एकटा म्हातारा नर आणि वासरावाली मादी, या दोघांपासून सगळ्यात लांब राहायचं. पूर्ण वाढलेला नर टनाच्या घरात जातो आणि एवढं धूड चढावर तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळतं. त्याला उगाच रेडा किंवा बायसन म्हणतात, पण तो गवाच, गायीच्या जवळचा.

आणखी एक. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता ते आठवतंय? शेकडो लोक मोबाइल घेऊन मागे धावले. तो भिंतींवर आदळत, रक्तबंबाळ होत पळत राहिला आणि पकडल्यावर थोड्याच वेळात मेला. त्याने कुणाला मारायला घेतलं नव्हतं. माणसांच्या आरड्याओरड्यात बाहेर पडायची वाट त्याला सापडली नाही, एवढंच. तुमच्या मामांनी नेमकं उलट केलं. त्याला वाट दिली.

चिंचपाणी

ताई, सुरेख लिहिलंय. मीही पुढच्या महिन्यात मुलाला घेऊन जाणार आहे, तो आठ वर्षांचा आहे. पण हे वाचून गोंधळ वाढला. चुपचाप चाललो आणि अस्वल समोर आलं तर? कोयनेत अस्वलं आहेत असं ऐकलंय.

पायवाट११

चिंचपाणी, आहेत. आणि मला विचाराल तर सह्याद्रीतल्या वाटांवर बिबट्यापेक्षा अस्वलाची काळजी जास्त करावी. बिबट्याने तुम्हाला पाहिलेलं असतं आणि तो बाजूला झालेला असतो. अस्वलाचं तसं नाही. ते वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत असतं तेव्हा स्वतःच इतका फुर्रफुर्र आवाज करतं की तुमची पावलं त्याला ऐकू येत नाहीत. तुम्ही दहा पावलांवर पोचता, ते दचकतं आणि दचकलेलं अस्वल पळत नाही, अंगावर येतं. पाठीवर पिल्लं असतील तर नक्कीच.

म्हणून मामांचं खाकरणं बरोबर आहे. रानजाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला असं वाटतं: माणसाचा साधा आवाज जनावरांना कळतो. कुठून येतोय, किती लांब आहे, कुठल्या दिशेने सरकतोय, सगळं कळतं. त्यांना त्यावरून ठरवता येतं. स्पीकरचा आवाज दरीत घुमतो, चारी बाजूंनी येतो. जनावराला कळतच नाही की माणूस नक्की कुठे आहे. मग ते सैरावैरा निघतं आणि कुणाच्या तरी पुढ्यात येतं. तुमच्याबाबतीत तेच झालं.

मी ज्यांच्याकडून हे शिकलो ते भीमाशंकरच्या रानातले महादेव कोळी आदिवासी. हिरडा गोळा करायला पहाटे निघतात. तेही बोलत जातात, पण घरात बोलावं तेवढंच. वळणावर, ओढ्याच्या खळखळाटाजवळ आणि वारा समोरून येत असेल तेव्हा थोडं जास्त, कारण तेव्हा आपला वास आणि आवाज पुढे पोचत नाही. उघड्या माळावर गप्प.

अस्वल अंगावर आलंच तर झाडावर चढू नका, ते चढतं. पळू नका. खाली पडून गुडघे पोटाशी, हातांनी मान आणि चेहरा झाकायचा, सॅक पाठीवरच राहू द्यायची.

दूरदेशी

मी कोलोरॅडोत राहते. इथली अस्वलं वेगळी, पण सल्ला अगदी हाच मिळतो. इथे दुकानात सॅकला लावायच्या घंटा विकत मिळतात आणि आम्हीही सुरुवातीला हौसेने घेतल्या होत्या. नंतर एका राष्ट्रीय उद्यानातल्या रेंजर बाईंनी समजावलं की घंटेच्या किणकिणाटाचा उपयोग होत नाही, माणसाचं बोलणं आणि टाळी हेच चांगलं. तेव्हापासून आम्ही नवरा-बायको दाट झाडीत भाज्यांची नावं मोठ्याने म्हणत जातो. दोडका, पडवळ, घेवडा. आमच्या मुलीचं अर्धं मराठी त्यातून आलंय.

मुक्कामाबद्दल एक सांगण्यासारखं. योसेमिटीच्या रानात रात्री राहायचं तर खाणं अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात ठेवणं सक्तीचं आहे. फक्त खाणं नाही, टूथपेस्ट, साबण, मलम, ज्याला वास आहे ते सगळं. डबा तंबूपासून लांब ठेवायचा. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा माणसांत येतं आणि शेवटी बहुतेक वेळा मारावं लागतं. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून किमान ९१ मीटर लांब राहायचा नियम आहे. पंचवीस पावलांवर गवा म्हटल्यावर मी इथे बसून श्वास रोखला होता!

उंचमाथा

सगळ्यांचे अनुभव छान आहेत, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. आठवडाभर कचेरीत घासल्यावर माणूस दोन दिवस मोकळं व्हायला जातो. गाणी म्हटली, शेकोटी केली तर एवढं काय बिघडतं? आणि वासोट्यावर पूर्वी लोक मुक्काम करायचे की. माझे काका गडावर राहिलेत. आता तंबू पाण्याकाठी टाकायचा आणि लांबून जंगल बघायचं. मुलांना खऱ्या जंगलातली रात्र कधी कळणार?

रानजाई

उंचमाथा, तुमचं म्हणणं मला मनापासून कळतं. मीही कॉलेजात असताना गडांवर मोठ्या शेकोट्या केल्यात, पहाटेपर्यंत गाणी म्हटलीत. तो आनंद खोटा नव्हता.

पण या वेळी गडावरच्या टाक्याजवळ मी जे पाहिलं ते सांगते. टाक्याच्या कडेच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. सांबराचे, असं मामा म्हणाले, शिवाय छोटे भेकराचे, आणि एका जागी पंजाचा, नखं न उमटलेला. मुलांनी तो ठसा आपल्या तळव्याने मापला. हे सगळे रात्री आले होते. मार्च-एप्रिलमध्ये ओढे आटले की वर पाण्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. टाक्याशेजारी आपले दहा तंबू आणि शेकोटी असेल तर त्या रात्री ती जनावरं तहानलेली परत जातात. दुसऱ्या रात्री दुसरा गट, तिसऱ्या रात्री तिसरा. काकांच्या वेळी वर्षाला चार गट जात असतील, आज एका रविवारी काठावर होड्यांची रांग असते. गणित बदललंय.

आणि शेकोटी. जानेवारीनंतर तिथलं गवत वाळून कागदासारखं होतं. एक ठिणगी पुरते. वणव्यात झाडं जळतात हे दिसतं, पण जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, कासवं, वाळवी यांची राख कुणाला दिसत नाही.

जंगलातली रात्र मुलांना काठावरही कळली हो. त्या भेकराच्या भुंकण्यानंतर तंबूत तिघंही जागी होती आणि हलक्या आवाजात बोलत होती की ते कुणाला बघून भुंकलं असेल. पलीकडे गेलो असतो तर ते भेकर आम्हाला बघून भुंकलं असतं, एवढाच फरक.

उंचमाथा

टाक्याचा विचार मी केला नव्हता. स्पीकरबद्दल तर सहमतच आहे, तो मी नेत नाही.

कोयनाकाठ

मी इथे फक्त वाचत असते, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

आमचं मूळ गाव त्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा आजोबा-आजी रायगड जिल्ह्यात येऊन वसले. वडील तेव्हा पाच-सहा वर्षांचे. डोंगर उतरताना आजीने गावदेवीच्या पायाची माती पदरात बांधून आणली होती, ती अजून आमच्या देव्हाऱ्यात डबीत आहे. मागे राहिलेल्या नातेवाइकांनी १९६७ चा भूकंप पाहिला. ११ डिसेंबरची पहाट, घरं झोपेतच अंगावर आली. मग अभयारण्य आलं आणि जंगलातली उरलीसुरली बरीच गावंही उठली. आज तुम्ही जिथे होडीतून उतरता त्या मेट इंदवलीतही माणसं नांदत होती. वाटेत जोती दिसतात, आंब्या-फणसाची झाडं ओळीत दिसतात, ती कुणाच्या तरी परसातली आहेत.

रानजाई, तुमच्या मामांचं खाकरणं वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून होते. आजी रायगडात आल्यावरही, आजूबाजूला रान नसताना, रात्री गोठ्यात जाताना दारातून खाकरायची. आम्ही नातवंडं विचारायचो, कुणाला बोलावतेस? ती म्हणायची, "बोलवत न्हाई गं, उठवतीय. निजलेल्याच्या अंगावर जाऊ नये." मला वाटायचं ती म्हशीबद्दल बोलतेय. आज कळलं की ती सवय कुठून आली होती.

एक विनंती. जाल तेव्हा काठावरच्या गावातलं माणूस बरोबर घ्या. वाट सरळ आहे, नकाशा मोबाइलमध्ये आहे, हे मान्य. पण त्या माणसाला माहीत असलेलं नकाशात येत नाही. आणि त्याच्या घरातल्यांना पुणे-मुंबईला हॉटेलात कामाला जायच्या ऐवजी गावात राहता येतं.

रानजाई

कोयनाकाठ, काय लिहू. मामांना फोन करून तुमच्या आजीचं वाक्य सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तुमचं गाव कुठलं ते विचारलं. तुमची हरकत नसेल तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवा.

डॉक्टरीण

धागा भावुक झालाय आणि मी मध्येच व्यवहाराचं बोलतेय, पण मुलांना घेऊन जाणारे वाचत आहेत म्हणून लिहिते. सगळे गवा, अस्वल, बिबट्या म्हणतात. माझ्या अनुभवात किल्ल्यांवर माणसं सगळ्यात जास्त सापडतात ती आग्या मोहोळाच्या तावडीत.

सहा वर्षांपूर्वी एका गडावर मी स्वतः त्यात होते. आमच्यापुढच्या गटातल्या कुणीतरी कड्याखाली चुलीसाठी ओला पाला पेटवला. वरच्या कपारीत पोळी होती. धूर वर गेला आणि पुढच्या मिनिटाला आकाश काळं. मला अकरा डंख होते, माझ्याबरोबरच्या मुलाला चाळीसच्या वर. तो वाचला, पण तीन दिवस दवाखान्यात होता.

मधमाशी डंख मारते तेव्हा तिच्या अंगातून एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा. तो वास बाकीच्या माश्यांना सांगतो की इथेच मारा. म्हणून एक चावली की तिथे उभं राहून झटकत बसणं सगळ्यात वाईट. चेहरा आणि डोकं ओढणीने, जॅकेटने, सॅकने, मिळेल त्याने झाका आणि लांब पळा. गवा आला तर थांबायचं, माश्या आल्या तर पळायचं, हे मुलांना आधीच नीट समजावून ठेवा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. सुरक्षित जागी आल्यावर काटे नखाने लगेच खरवडून काढा. ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली तर एक मिनिटही न घालवता दवाखाना, कारण अशा वेळी अ‍ॅड्रिनलिनच्या इंजेक्शनवर जीव असतो. आणि डंख खूप असतील तर बरं वाटत असलं तरी दाखवाच, मूत्रपिंडांवर परिणाम नंतर दिसतो. जायच्या दिवशी अत्तर, डिओ, वासाचं तेल लावू नका.

सापांचं थोडक्यात. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. कोयनेसारख्या दाट रानात हिरवा चापडाही असतो. तो फांदीवर पानासारखा पडून असतो, म्हणून चढताना न बघता फांदी धरायची नाही. त्याच्या विषावर हे प्रतिविष नाही, पण त्याच्या चाव्याने सहसा जीव जात नाही, सूज आणि वेदना मात्र जबर. साप कुठलाही असो, कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. हात-पाय हलू न देता होडीपर्यंत उचलून न्यायचं आणि पलीकडून १०८ किंवा मिळेल ती गाडी. वासोट्याहून हे सगळं व्हायला काही तास जातात, हे लक्षात घेऊनच तिथे वागायचं. रात्री तंबूबाहेर पडताना बॅटरी, आणि सकाळी बूट झटकून.

चिंचपाणी

डॉक्टरीण, हे छापून घेतलं आहे. एक विचारायचं राहिलं. काठावर तंबूत खाणं ठेवलं तर काही येतं का?

पायवाट११

उंदीर येतात आणि रानडुक्कर वास काढत येऊ शकतं. खाणं ज्यांच्या रानात उतरलात त्यांच्या घरात ठेवा, हे उत्तम. उरलेलं अन्न तंबूमागे फेकू नका.

आणि कुत्र्यांना बिस्किटं घालू नका. कळवळा समजतो, पण बिस्किटासाठी कुत्रं तुमच्यामागे तंबूपर्यंत येतं आणि त्याच्यामागे बिबट्या. जंगलाच्या कडेला बिबट्याचं ठरलेलं खाणं म्हणजे गावातलं कुत्रं. शिवाय कुत्र्यांचे रोग रानकुत्र्यांना लागतात, आणि सह्याद्रीत कोळसून (म्हणजे हीच रानकुत्री) आधीच विरळ आहेत.

चिंचपाणी

काल रात्री परत आलो, कपडे धुवायच्या आधी लिहितोय.

रानजाईंनी दिलेल्या नंबरवरून मामांच्याच घरी उतरलो. गवा दिसला नाही. शेकरू दिसलं, दोनदा, एका झाडावरून दुसऱ्यावर शेपटी सोडून उडी घेताना. घरटंही दाखवलं मामांनी, काटक्या आणि पानांचा मोठा गोळा, फांदीच्या अगदी टोकाला. पहाटे शीळकरी कस्तूर हा पक्षी वाजत होता, मुलाला आधी खरं वाटेना, त्याला वाटलं कुणी माणूस शीळ घालत येतंय.

मुलाला मी हा सगळा धागा वाचून दाखवला होता. वर जाताना मामांनी त्याला विचारलं, "पुढं चालणार का?" आणि त्याला पुढे घेतलं, हात धरून. पहिल्या वळणावर मामा थांबले आणि त्याच्याकडे बघितलं. तो लाजला. मग खाकरला, इतकं बारीक की मला मागे ऐकूही आलं नाही. मामा म्हणाले, "आजून जरा. म्हातारं आसंल, कमी ऐकत आसंल." दुसऱ्यांदा तो नीट खाकरला. उजवीकडच्या झाडीत काहीतरी उठून पाचोळ्यातून गेलं. काय होतं ते दिसलं नाही. मामांनी एवढंच सांगितलं की आता चला.

कोयनाकाठ, वाटेतलं एक जोतं मामांनी दाखवलं, त्याच्यामागे फणस आहे, बुंध्यालाच फणस धरायला लागलेत. तिथे आम्ही पाणी प्यायलो. फोटो काढलाय, तुम्हाला निरोपातून पाठवला आहे.